पांढऱ्या कोळशावरचा रोलर

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्यानं वाफेवर चालणारा जुना रोड रोलर घेतला. भंगारात निघालेला होता. आयुष्यभर पोरांना यंत्रकाम शिकवलेला माणूस, त्यांना तो तोडलेला बघवेना. खुलताबादजवळच्या आमच्या शेतात शेड टाकून तो तिथं ठेवला आणि काही वर्षं त्याच्या नळ्या, झडपा बदलण्यात घालवली. मी शहरातून डबा घेऊन जायची. हळूहळू भट्टी सांभाळायचं काम माझ्याकडं आलं आणि मला ते आवडायलाही लागलं. बॉयलर तपासून परवानगी मिळाली, रोलर शेडबाहेर निघाला, आजूबाजूची माणसं बघायला जमली.

मग कोळसा मिळेनासा झाला. औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, कारखाने गॅसवर गेले, नाहीतर पांढऱ्या कोळशावर. तुमच्या चार पोत्यांसाठी मी ट्रक मागवू का? त्याचं काही चुकत नव्हतं. दगडी कोळसा कधीतरी बंद व्हायलाच हवा हे मलाही पटत होतं. त्या धुरानं मी हिवाळाभर खोकायची.

पांढरा कोळसा म्हणजे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या भरडून, दाबून केलेल्या कांड्या. सोयगावकडं कापूस भरपूर, तिथून टेम्पो भरून आणल्या. पहिल्याच दिवशी त्या तापून फुटल्या आणि भट्टीच्या तळाच्या जाळीच्या फटींतून अर्ध्या खाली राखेत पडल्या. यांनी तिच्यावर भोकं पाडलेला पत्रा बसवला. आता आग धरली, वाफ चढली, आणि आम्ही रोलर बांधाकडच्या चढावर घेतला. जोर लागला तशी चिमणीतून ठिणग्या उडाल्या. कोळशाच्या ठिणग्या जड, जवळच पडायच्या. या पिसासारख्या वाऱ्यावर गेल्या आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर उतरल्या.

आम्ही बादल्या घेऊन धावलो. शेजारी, त्याची बायको, त्याचा म्हातारा बाप, सगळे पाणी मारत होते. अर्धी गंजी गेली. शेजारी ओरडला नाही, तेच जास्त लागलं. घाम पुसत एवढंच म्हणाला, "वहिनी, गाडी लई देखणी हाय. पण माझ्या जनावरांनी खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी आमच्या शेतातला होता नव्हता तेवढा कडबा त्याच्या गोठ्यापाशी नेऊन टाकला. यांनी चिमणीखाली बारीक जाळी बसवली. ठिणग्या थांबल्या, पण थोड्याच वेळात जाळी काजळीनं बुजायची, भट्टीला हवेची ओढ राहायची नाही, वाफ उतरायची. मग आग बाहेर ओढायची, सगळं थंड होऊ द्यायचं, जाळी खरवडायची आणि पुन्हा पेटवायचं. मोठी जाळी लावली की ठिणग्या, बारीक लावली की वाफ नाही. महिनोन्‌महिने हेच. माझे हात कोपरापर्यंत काळे आणि रोलर जागच्या जागी.

एका रविवारी मी भट्टी पेटवायला वाकले तर यांनी जाळी काढून कोपऱ्यात ठेवलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, आज वारा नाही, एकदाच चढावर नेतो.

"जाळी बसवा, नाहीतर मी काडी लावत नाही," मी म्हणाले.

"मग हा इथंच गंजू दे," ते म्हणाले. "तीच इच्छा आहे ना सगळ्यांची?"

मला इतका राग आला की फावडं तिथंच टाकलं. मी काय सगळ्यांतली होते? माझ्याइतकी राख त्या यंत्राची कुणी काढली होती? मी एकटीच बसनं क्रांती चौकापर्यंत आले आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. ते उशिरा आले, जेवले आणि झोपले.

पुढच्या खेपेला जाळी जागेवर होती. पावसाळ्यात ठिणग्यांची भीती नसते म्हणून तेव्हा जाळी काढून चालवून पाहिला, तर दहा टनांचं ते धूड काळ्या मातीत रुतलं आणि ट्रॅक्टरनं ओढून काढावं लागलं.

आता आम्ही तो शेडसमोरच्या मुरमावर उभा ठेवूनच चालवतो. गिअर काढला की जोर लागत नाही, थोड्या वाफेवर इंजिनाच्या बाजूचं मोठं चाक नुसतं फिरत राहतं. लोक फोटो काढतात, भोंगा ऐकतात. यांना ते आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. परवा शेजारी बराच वेळ ते चाक बघत उभा होता. शेवटी त्यानं यांना विचारलं, "म्होरं जात नाय का आता, सर?"

यांनी वाफेचा काटा पाहिला आणि मला आणखी दोन कांड्या टाकायला सांगितलं.