मुरला नाही अजून

ती घटना आजही मला आधी वासाने आठवते. माणसे आणि कागदपत्रे मागून येतात.

तेव्हा मी वेल्समधल्या एका पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. मूळचा संगमनेरचा. आई विड्या वळायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुढे बायकोच्या नोकरीमुळे कार्डिफला आलो आणि इथल्या पोलीस दलाने मला सामावून घेतले. त्याचे ऋण मी विसरलेलो नाही. आमच्या ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच. नोकरीत त्याचा उपयोग फारसा कधी झाला नाही, त्या सकाळी मात्र झाला.

खबर दिली ती एका सत्तरीच्या बाईंनी. त्या स्वतः चालत ठाण्यात आल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या घरात एक भारतीय तरुण राहायचा. काही महिन्यांपूर्वी त्याचे वडील भारतातून आले होते. दोन घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीवर ते म्हातारे गृहस्थ रोज सकाळी बसायचे, विडी ओढायचे. भिंतीच्या या बाजूला बाई आपली सिगारेट घेऊन उभ्या राहायच्या.

"ते रोज माझ्याशी गप्पा मारायचे," बाई म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"मला काय माहीत! त्यांना इंग्रजी येत नाही. मी माझं सांगायचे, ते त्यांचं. पण मध्ये तोडायचे नाहीत हं. माझा नवरा कायम तोडायचा."

ते गृहस्थ बरेच दिवस भिंतीवर आले नव्हते. मुलाला विचारले तर तो नीट बोलत नव्हता. बाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो हातमोजे घालून सिरिंजने कसले तरी थेंब मोजताना दिसला होता. त्याच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांनी विषाची खूण असलेल्या छोट्या बाटल्याही पाहिल्या होत्या. अशा तक्रारदारांना 'शेजारच्यांवर नजर ठेवणाऱ्या' म्हणून हसणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव असा की ज्याला कोणाची तरी उणीव भासते, त्याची खबर सहसा पोकळ नसते.

आमची माणसे त्या तरुणाच्या घरी गेली. वडील घरात नव्हते. "लंडनला माझ्या बहिणीकडे गेलेत," मुलगा म्हणाला. बहिणीचा फोन कोणी उचलेना. बाटल्या कसल्या, या प्रश्नावर तो म्हणाला, "केकचा इसेन्स." घरात केकचे भांडे नव्हते, मैदा नव्हता, ओव्हनमध्ये जुनी वर्तमानपत्रे ठेवलेली होती. मग त्याच्याच मोबाईलमधला एक मेसेज वाचला गेला. फोनवरून दुभाषी जोडून दिला होता. तो हिंदीचा, मराठीचा कोणी मिळाला नव्हता. त्याने मेसेजचा अर्थ सांगितला तो असा: 'अजून मेला नाही. कपाटात अंधारात ठेवला आहे. घाई नको. मोठ्या भावाला कळू देऊ नको.'

घरातली सगळी कपाटे उघडून झाली. माणूस सापडला नाही. वडिलांच्या जिवाला धोका असल्याच्या संशयावरून मुलाला ताब्यात घेतले आणि चौकशी माझ्याकडे आली.

चौकशीच्या खोलीत जाण्याआधी मी मूळ मेसेज मागवला. आपली माणसे लिहितात तसे, मराठी पण इंग्रजी अक्षरांत. आधी बहिणीचा प्रश्न होता, 'झालं का?' आणि खाली त्याचे उत्तर. मी ते मोठ्याने वाचले आणि खुर्चीत टेकून बसलो. आमच्या इन्स्पेक्टर बाई दारात उभ्या होत्या.

"काय झालं?"

"मॅडम, यात मेलं कोणीच नाही. हा शब्द 'मुरला' आहे."

"म्हणजे?"

आता मुरणे इंग्रजीत कसे सांगायचे? लोणचे मुरते, सुपारी मुरते, माणूससुद्धा नोकरीत मुरतो. शेवटी म्हणालो, "एखादी गोष्ट बंद करून ठेवायची आणि तिला तिचा वेळ द्यायचा. मग ती आतून एकजीव होते."

"याला तुमच्याकडे एकच शब्द आहे?"

"हो. आणि दुभाष्याने तो हिंदीतल्या 'मरा'सारखा ऐकला."

मेसेजमधल्या 'दादां'चेही तेच. 'दादा' म्हणजे हिंदीत मोठा भाऊ किंवा आजोबा. आमच्या भागात कित्येक घरांत वडिलांनाच दादा म्हणतात. 'दादांना कळू देऊ नको.' मग वडिलांपासून लपवून कपाटात मुरत होते तरी काय?

मुलगा एका बँकेत सॉफ्टवेअरचे काम करणारा, तिशीतला, सिन्नरकडचा. शेजारी ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे ठाण्यात फुकट मिळणारा वकील, बसलेला. ताकीद देऊन झाली, रेकॉर्डिंग सुरू झाले. चौकशी नियमाप्रमाणे इंग्रजीतच चालली होती. मी पुन्हा बाटल्यांचे विचारले. तो पुन्हा केकच म्हणाला.

जप्त केलेली एक बाटली पिशवीतच गळली होती. हातमोजे घालून, सगळ्यांसमोर, मी पुराव्याची पिशवी उघडली.

आणि क्षणभर मी त्या खोलीत नव्हतो. ओल्या टेंभुर्णीच्या पानांचा वास, त्यामागून तंबाखूचा कोरडा, गोडसर, घशात बसणारा वास. आमच्या घरात शिरताना सर्वांत आधी हाच भेटायचा. आई उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली, पान कापते आहे, चिमटीने तंबाखू भरते आहे, दोरा गुंडाळते आहे, आणि वर न बघता मला म्हणते आहे, "हात धू, मग पुस्तकाला हात लाव." तिला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. या देशात हा वास मला कुठेच भेटला नव्हता. मी तो शोधत होतो हेही मला तोवर ठाऊक नव्हते.

रेकॉर्डिंग चालू होते. मी पिशवी बंद केली आणि म्हणालो, "या वासाचा केक मी तरी कधी खाल्लेला नाही. ही विडी आहे."

मुलाने माझ्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याने सगळे सांगितले. वडिलांची बायपास ठरली होती. विडी पूर्ण सुटल्याशिवाय हात लावणार नाही, असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून त्यांना इथे आणले. त्यांनी बॅगेत मोज्यांमध्ये विड्यांचे कट्टे लपवून आणले. मुलाने ई-सिगारेट हातात दिली. दुकानातला कोणताही स्वाद त्यांना चालेना. तेव्हा हा ई-सिगारेटमध्ये भरायचा रस घरीच तयार करायला बसला. गवताचा, धुराचा, चहाच्या पानाचा असे वेगवेगळे इसेन्स थेंबाथेंबाने मिसळायचे, विषाची खूण असलेल्या बाटल्यांतले निकोटीन दर वेळी कमी करत न्यायचे आणि भारतात परत जाईपर्यंत शून्यावर आणायचे. पहिली बाटली त्याने घाईने, न मुरवताच दिली. वडिलांनी ती फेकली आणि पुन्हा विडी पेटवली. मुलाने उरलेले कट्टे कचऱ्यात टाकले. त्यावरून मोठे भांडण झाले आणि वडील रुसून लंडनमधल्या एजवेअरला मुलीकडे गेले.

"मग खोटं का बोललास?"

"सर, आपल्याकडे ई-सिगारेटवर बंदी आहे. मला वाटलं, इथे घरी बनवणं तरी नक्कीच गुन्हा असेल. व्हिसा गेला असता."

स्वतःपुरते घरी बनवणे इथे गुन्हा नाही. हे त्याने कोणालाही विचारले असते तरी कळले असते. पण परक्या देशात नवा आलेला माणूस विचारायलाच घाबरतो. मीही कधीकाळी घाबरत होतो.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ती शाळेत शिकवायची, वर्गात फोन बंद ठेवायची. दुपारी घरी पोचल्यावर तिने व्हिडिओ कॉल लावला. वडील जिवंत आहेत याची खात्री करून नोंद करायची होती. पडद्यावर पांढरी टोपी आणि दोन दिवसांची दाढी दिसली.

"दादा, मी पोलीस अधिकारी बोलतोय. संगमनेरचा."

"आँ? मंग शेजारचेच की तुमी! ऐका साहेब, पोरगं चोर नाही. निस्तं येडं आहे. मला म्हणतं आंबा ओढा, चिंगम ओढा. या वयात मी गोळ्या-बिस्किटं ओढू का?"

"आणि त्याने बनवलेली?"

"तिला पेंडीचा वास येत व्हता. म्हशीनं बी तोंड फिरवलं असतं. पण मी फेकाया नव्हती पाहिजे. तवापासून पोराचा फोन नाही. वैतागला माझ्यावर."

मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. मीच म्हणालो, "दादा, तो अजून बनवतोय. कपाटात मुरायला ठेवलंय. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

दादा पडद्याच्या जवळ सरकले.

"वास घेतला का तुमी?"

"घेतला."

"जमलंय का?"

पोलीस अधिकाऱ्याने उत्तर देताना आवाज स्थिर ठेवायचा असतो. मी म्हणालो, "दादा, माझी आई विड्या वळायची. जमलंय."

"मंग मुरू दे म्हनावं. मी थांबतो. तवर विडीला हात लावायचा नाही."

त्याच संध्याकाळी मुलाला सोडले. बाटल्या सहीनिशी परत दिल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून कुलपात ठेव, असे बजावले. शेजारच्या बाईंनाही कळवले. पुढे मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा म्हातारे भिंतीवर परत आले होते आणि दोघांच्या गप्पा दोन भाषांत चालल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या हातात ई-सिगारेट होती. ऑपरेशन पार पडल्याचे मुलाने नंतर फोन करून सांगितले.

या केसने मला शिकवले ते एवढेच की संशयिताचा शब्द त्याच्याच भाषेत ऐकल्याशिवाय त्याच्यावर ठपका ठेवू नये. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मी तिथून घरी नेले ते वेगळेच काही.

माझी पदवी कार्डिफच्या घरी भिंतीवर आहे. ती मिळाली त्या दिवशी मी आईच्या हातात द्यायला गेलो. तिने आधी हात धुतले, हातांचा वास घेतला, गेला नाही म्हणून मान हलवली आणि पदर दोन्ही हातांवर घेऊन मगच तो कागद धरला. तंबाखूचा डाग किंवा वास लागायला नको म्हणून. माझी शाळेची पुस्तकेही ती तशीच धरायची.

त्या संध्याकाळी मी ती फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि कागद नाकाशी नेला.

त्याला फक्त कागदाचा वास होता.