जयवंताच्या आंदणाचं झाड

जयवंता बोलली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळतं. यात तिचा दोष नाही. वर्ध्याजवळ सिंदी मेघेला तिचं मिरची कांडपाचं यंत्र आहे, आणि त्या धडधडीत तेवीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिचा आवाजच तसा झाला. शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला बसलो की ती पेटीलाही वर येऊ देत नाही. पण बाई सरळ. कोणाची मिरची अर्धा किलो असो की दहा किलो, यंत्र झाडून-पुसून मगच पुढची टाकणार.

तिचं माहेर बोरच्या जंगलात. जंगलाजवळ नाही, आत. अभयारण्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी ते गाव उठलं आणि माणसं बाहेर नव्या वस्तीत गेली. तिचा मोठा भाऊ महादेवराव आता तिथं राहतो. आम्ही बायका माहेराच्या गोष्टी करू लागलो की कोणी आईच्या हातच्या जेवणाचं सांगतं, कोणी भावाच्या घराचं. जयवंता सांगते तिच्या झाडाचं.

तिकडे मोहाची झाडं घरोघर वाटलेली असायची. कागदावर नाही, तोंडी. अमक्या झाडाखालचं फूल अमक्यानंच वेचायचं, दुसरं कोणी हात लावणार नाही. जयवंताच्या लग्नात तिच्या आजीनं पाच भांड्यांसोबत एक झाडच तिला आंदण दिलं. भर मांडवात म्हातारी म्हणाली, "दोन पायाच्या मोहाचं फूल आजपासून जयवंताचं." त्या झाडाचा बुंधा जमिनीपासूनच दोन झालेला, म्हणून ते नाव. मग दर उन्हाळ्यात वाळलेल्या फुलांचं एक पोतं माहेराहून सिंदी मेघेला यायचं. गाव उठलं आणि पोतं यायचं थांबलं.

"लोकाले सोनं देतात, शेत देतात," आमच्या सुलोचनाबाई चिडवायच्या. त्यांचं कापडाचं दुकान आहे, बोलणं कात्रीसारखं. "हिले झाड देल्लं, अन तेही वाघाच्या घरात! वसुलीले कोण जाईन वो?"

"जाईन एक दिवस," जयवंता म्हणायची.

तो दिवस प्रेरणामुळे आला. प्रेरणा आमच्या गल्लीतली, बँकेत आहे, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिनं एका शनिवारी भजन संपल्यावर सांगून टाकलं, "काकू, बोरच्या सफारीची जिप्सी बुक केली. चौघींची. आता नाही म्हणायचं नाही." जयवंतानं टाळ खाली ठेवले ते असे, की पुजारीबुवा दचकले.

घरी जाऊन तिनं भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा चेहरा उतरलेला.

"दादा म्हणते, ते झाड पडलं. मागच्या उन्हाळ्यातल्या वादळात."

"त्यानं पाह्यलं का?"

"नाई. जंगलाच्या चौकीवरच्या कोणी तरी सांगितलं म्हणते." मग म्हणाली, "मले पाहायचं हाये. उभं असन त उभं, पडलं असन त पडलं. पण लोकायच्या तोंडून नाई ऐकायचं."

देवाकडे उगाच काही मागू नये असं मला वाटतं. त्याला काय द्यायचं ते कळतं. पण त्या रात्री दिवा लावताना मी मागितलं.

चैत्रातली पहाट होती. सेलू ओलांडलं, हिंगणी मागं टाकलं आणि धरणाजवळच्या गेटवर पोचलो तेव्हा उजाडत होतं. वर उघडी जिप्सी पाहून सुलोचनाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि टणकन चढल्या. गुडघे दुखतात म्हणून या बाईंना देवळाच्या चार पायऱ्या चढवत नाहीत! गळ्यात नातवाची दुर्बीण, आणि तोंडी नवऱ्याचं बोलणं. "आमचे प्रभाकरराव म्हणाले, वाघ काय तुम्हाले पाहायले येईन? आज दाखवतेच त्याहिले."

आमच्यासोबत अंकुश नावाचा गाईड होता, हिरव्या शर्टातला, तिशीचा. त्यानं नियम सांगितले: गाडीतून उतरायचं नाही, काही तोडायचं नाही, उचलायचं नाही, आवाज करायचा नाही. शेवटचा नियम सांगताना तो जयवंताकडेच पाहत होता, कारण गेटवर तिनं तिकिटाबद्दल विचारलेलं सगळ्या रांगेनं ऐकलं होतं.

आत शिरलो आणि मी बोलणंच विसरले. इतकी वर्षं वर्ध्यात राहते, पण सकाळच्या जंगलाचा वास असा असतो हे माहीत नव्हतं. सागाची पानं गळून गेलेली, पळस लाल, कुसुमाला तांबडी पालवी. एक मोर रस्त्यातच उभा, हलायला तयार नाही. जयवंता तर लहान पोर झाली. "तो पाहा धावडा! अन तो बेहडा! हे बेलाचं झाड, याचे बेल आम्ही…"

"मावशी, हळू," अंकुश म्हणाला.

"हळूच त बोलून राह्यली मी!"

पुढं एक दुफाटा आला. समोरून येणारी गाडी थांबली आणि त्यांच्या गाईडनं खूण केली. अंकुशचे डोळे चमकले. "वाघीण पाण्यावर बसून आहे. डावीकडे. लगेच गेलो तर मिळेल."

"अन उजवीकडचा रस्ता?" जयवंतानं विचारलं.

"तो जुन्या गावाकडे. पण दोन्हीकडे जायला वेळ नाही पुरणार, मावशी. वेळेत गेटवर पोचावं लागतं."

जयवंता हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत होती. मग म्हणाली, "वाघाकडे चला. सगळ्या त्याच्यासाठीच आल्या. मले काय, पडलेलंच झाड हाये."

मी सुलोचनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी दुर्बिणीवरचं झाकण काढलं होतं. ते त्यांनी पुन्हा लावलं.

"चूप बस, जयवंता," त्या म्हणाल्या. "वाघ त इथंच राहते, उद्याही राहीन. तुले कोण आणून राह्यलं पुन्हा? अंकुशभाऊ, उजवीकडे घ्या."

"काकू, वाघीण आहे हो!" अंकुशला पटेना.

"हाव ना बाप्पा, समजलं. घ्या उजवीकडे."

जुन्या गावाच्या जागी गाव नव्हतंच. मोठं गवताळ रान, त्यात चितळांचा कळप चरत होता. कडेला शेंदूर लावलेला एक दगड तेवढा उरला होता. "आमचा मारुती," म्हणत जयवंतानं गाडीतूनच हात जोडले. आम्हीही जोडले. पण त्यानंतर तिला काही ओळखू येईना. विहीर बुजलेली. घरांच्या जागी बोरी-बाभळी. तिनं एका मोहाकडे बोट दाखवलं, गाडी तिकडे नेली, तर बुंधा एकच. दुसरा मोह पाहिला, तोही नाही.

"माहं गाव मले सापडून नाई राह्यलं वो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज आमच्यापेक्षा लहान झाला.

ड्रायव्हर घड्याळ पाहू लागला. प्रेरणानं विचारलं, "काकू, तुम्ही फुलं वेचायला बसायच्या तेव्हा समोर काय दिसायचं?"

जयवंता विचारात पडली. "सकाळचं ऊन पाठीवर यायचं. कंबर भाजायची. अन मान वर केली की समोर टेकडी, म्हशीच्या पाठीसारखी."

"मग ऊन पाठीवर घेऊ," प्रेरणा म्हणाली.

ड्रायव्हर भला माणूस. रस्ता न सोडता त्यानं गाडी पुढं नेली, एका वळणावर उलटी फिरवली. ऊन आमच्या पाठीवर आलं. समोर झाडांच्या वर टेकडी होती, खरंच म्हशीच्या पाठीसारखी. तिच्या रोखानं रस्ता जात होता. शे-दीडशे पावलं गेलो असू, आणि जयवंता उभी राहिली.

झाड होतं. एक पाय आडवा पडलेला, मुळापासून फाटून, वाळून करडा झालेला. दुसरा पाय उभा. त्याच्या शेंड्यापर्यंत फुलांचे घोस, आणि खाली जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा. वास असा गोड की डोकं गरगरावं.

"एक पाय उभा हाये!" ती माझा दंड दाबत कुजबुजली. खरोखर कुजबुजली. "बाई, एक पाय उभा हाये!"

तेवढ्यात आडव्या बुंध्यामागून काळं काही तरी हललं. अस्वल! लांब केसांचं, तोंड जमिनीला लावून फुलं ओढत होतं, फुर्र-फुर्र आवाज करत. अंकुशनं श्वास रोखला. प्रेरणानं कॅमेरा उचलला. सुलोचनाबाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली. आणि जयवंतानं दोन्ही हातांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"हेऽऽ हट! हट, हट! ऊठ तिथून!"

अस्वल उडालंच. मागं न पाहता झुडपात घुसलं. पलीकडचे चितळ पळाले, झाडावरची माकडं पळाली.

"मावशी!" अंकुशनं कपाळाला हात लावला. "काय केलं हे? लोक वर्ष-वर्ष येतात, त्यांना अस्वल दिसत नाही!"

जयवंता पांढरी पडली. "चुकलं बाप्पा. फूल वेचायले जायच्या आधी आम्ही असंच हाकलायचो. झोपेत असलं अन अंगावर आलं त? आजीनं शिकवलेलं. हात आपोआपच वाजले."

"वसुलीले आली ना बाई!" सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि हसू असं फुटलं की तोंडात पदर कोंबूनही आवरेना. प्रेरणा हसली, मी हसले, ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. शेवटी अंकुशही.

हसणं थांबलं तेव्हा जयवंता खालच्या सड्याकडे पाहत होती. दहा पावलांवर तिची फुलं, आणि उतरायला बंदी. तिनं विचारलंही नाही. झुडपाकडे तोंड केलं आणि या वेळी अगदी हळू म्हणाली, "ये रे बाप्पा. खाऊन घेजो. मी नाई वेचत आता."

ड्रायव्हरनं गाडी थोडी मागं घेतली आणि बंद केली. आम्ही थांबलो. मी मनात मारुतीचं नाव घेत होते. किती वेळ गेला कोण जाणे, आणि झुडपातून आधी नाक, मग ते सगळं काळं धूड बाहेर आलं, इकडे-तिकडे वास घेत झाडाखाली गेलं आणि पुन्हा फुर्र-फुर्र सुरू झालं. जयवंतानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. वरून डोळे हसत होते.

परतताना हिंगणीला रेंज आली. तिनं लगेच भावाला फोन लावला. बाजारातली माणसं वळून पाहू लागली, इतक्या मोठ्यानं बोलत होती.

"दादा, एक पाय उभा हाये! हाव, माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

पलीकडून महादेवरावांचा आवाज आम्हालाही ऐकू आला, "अन फूल? फूल पडलं का वो यंदा?"

"लय पडलं, दादा! पण वेचलं नाई. झाड माहं, मेहनत त्याची, अस्वलाले बटईनं देल्लं म्हण!"