म्हाताऱ्या घोड्यांचं कुरण

मिरजेच्या इस्पितळातून आम्हा दोघी नर्सना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं, ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी सोबतीण केरळची, पण मिरजेत राहून माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारी. तिथल्या वसतिगृहात फिलिपिन्सची एक नर्स आमच्यात येऊन मिसळली. मार्चमधल्या एका रविवारी तिनंच टूम काढली. शहराबाहेर म्हाताऱ्या जनावरांचा आश्रम आहे, तिकडे जाऊ या म्हणाली.

जनावरं बघायला बसनं कशाला जायचं, असं मला वाटलं. मी दुष्काळी माण तालुक्यातली, धनगराची पोर. मेंढरांतच वाढलेली. पण सुट्टी होती, मैत्रिणी होत्या, निघाले.

चढावर मोठं हिरवंगार कुरण होतं. त्यात काम संपलेले घोडे आणि गाढवं सावकाश चरत होती. थंडी होती म्हणून त्यांच्या पाठीवर जाडजूड पांघरुणं घालून पोटाखाली बंद आवळले होते. तबेल्यात प्रत्येकाच्या दारावर नावाची पाटी होती आणि खाली त्याचं दुखणं लिहिलेलं. एकीला दात नव्हते, तिला चारा भिजवून देत. एका गाढवानं केरळच्या मैत्रिणीचा मफलर तोंडात धरला तो सोडेचना. ती एकीकडून ओढतेय, ते दुसरीकडून. हसून हसून आमचे गाल दुखले.

मग एक तांबूस घोडी जवळ आली. नाकाभोवतीचे केस पांढरे झालेले. मी गाजर दिलं. ते खाल्लं आणि तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली. फिलिपिन्सच्या मैत्रिणीनं लगेच फोटो काढला.

"हिला आता काय काम असतं?" मी आश्रम सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर केलंय की तिनं."

तेव्हा मला आमची घोडी आठवली. आमचं सगळं बिऱ्हाड तिच्या पाठीवर असायचं. भांडी, वाकळा, नुकती जन्मलेली कोकरं, आणि लहानपणी त्या सगळ्यावर बसलेली मी. मी इंग्लंडला होते त्या साली गावाकडं पाऊस झाला नव्हता. मेंढरं घेऊन भाऊ कृष्णाकाठी गेला होता. घोडीला आता चालवत नव्हतं, म्हणून माझे वडील, आबा, तिच्यापाशी घरी थांबले होते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी सकाळपासून एवढी जनावरं बघितली, हसले, खिदळले, आणि तिची एकदाही आठवण झाली नव्हती. मैत्रिणी चहा प्यायला निघाल्या. मला चहा नको होता.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं आबांना बोलावून आणलं.

"पाणी हाय का आबा?"

"टँकर येतोय की."

"आणि घोडी?"

"बरी हाय. तू जेवतीस का न्हाई येळंवर?"

काल कुठं गेले होते ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पाऊस पडायच्या आत मी परतले. घराशेजारच्या लिंबाखाली घोडी नव्हती. आईनं मला आत नेऊन सांगितलं, मार्चातच गेली. बसली ती उठलीच नाही. टँकरचं पाणी घरटी मोजून मिळायचं. तिला पुरावं म्हणून आबांनी अंघोळ सोडली होती. रात्रंदिवस तिच्यापाशीच बसून असायचे.

"मला सांगितलं का न्हाई?" मी आबांना विचारलं.

"परक्या मुलखात एकटी. रडत बसली असतीस."

मी पिशवीतले फोटो काढले. आबांनी विचारलं म्हणून त्या आश्रमाचं सगळं सांगितलं, खाली मान घालून. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. पण आबा त्या तांबूस घोडीचा फोटो उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

"लय ब्येस," ते म्हणाले. "खूर बघ कसं राखल्यात हिचं."

तो फोटो त्यांनी मागून घेतला. घरी कुणी आलं की बंडीच्या खिशातून काढायचे. "आमची पोरगी हिला गाजर चारून आली. काम न्हाई, धाम न्हाई, वर पांघरूण." ऐकणारे हसायचे, आबाही हसायचे. मी उठून चुलीपाशी जायचे.

पाऊस पडला, भाऊ मेंढरं घेऊन परतला. एकदा पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. "आबा, ठिवा की आता त्यो फोटो. आपली तशी गेली आन् तुमी ह्याचं कौतुक सांगताय."

आबा फोटो खिशात ठेवत होते, ते थांबले.

"मग काय करू? हिचं तरी बरं चाललंय न्हवं? त्ये सांगाय काय हुतंय?"

आबा बाहेर जाऊन मेंढरं मोकळी करू लागले. मी घरातच बसून राहिले.