पिंकीच्या नावाची मूठ

देवावर रुसायलाही अंगात थोडं त्राण लागतं. त्या श्रावणात माझ्यात तेवढंही उरलं नव्हतं. नवऱ्याला एचआयव्हीने नेलं. त्याच आजाराच्या गोळ्या मलाही चालू आहेत. माझी पिंकी मात्र देवीच्या कृपेने धडधाकट आहे. बालसंगोपन योजनेचे पैसे येतात, त्यावर तिची शाळा चालते. पण वर्गात कुणीतरी तिच्या बापाचा आजार काढला आणि नववीतल्या पोरीने शाळेत जाणंच सोडलं. रागावले, गोंजारलं, रडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शाळा सुटली की पैसे बंद होणार हे दिसत होतं, पण त्याहून मोठी धास्ती, ही या वयात माझ्यासारखी थकून जाईल, याची होती.

अशात कानबाई देवीचा सण आला. आमच्या एरंडोलकडे तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, भावकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. नवरा गेला तशी आमच्या घराची मूठ थांबली होती. तरी चुलत सासऱ्यांनी, आबांनी, निरोप धाडला म्हणून पिंकीला ओढतच घेऊन गेले. दोघी दाराशी बसलो. मनात म्हटलं, माये, माझ्याच्यानं आता होत नाही, तूच बघ.

आबा एकेक नाव घेत सुपात गहू टाकत होते. शेवटचं नाव झालं आणि सूप उचलणार, तोच त्यांची थोरली बहीण बोलली. या अक्का माझ्याशी कधी धड चार शब्द बोललेल्या नव्हत्या.

"भाऊ, हाई पोर ऱ्हायनी ना."

"अक्का, पोरीसना नावनी मूठ काढतस का कधी?"

"मंग तिना बापना घरमा आते कोन शे?"

आबांनी पुन्हा गव्हात हात घातला. मग पिंकीचं नाव, बापाच्या नावासकट, मोठ्याने घेऊन त्यांनी मूठ टाकली. मला हुंदका आवरेना.

अक्कांना ते कुणी सुचवलं, मी विचारलं नाही. रविवारी पिंकी सगळ्यांच्या पंगतीत रोट जेवली. सोमवारी कानबाईला निरोप दिला. मंगळवारी मी भाकरी थापत होते, तर मागून आवाज आला, "माय, मना शायाना ड्रेस कोठे शे?"

इस्त्री नव्हती. तसाच घालून शाळेत गेली.

लोकांची तोंडं अजून बंद झालेली नाहीत, माझा थकवाही गेलेला नाही. गोळी घेते, डबा भरते, पुढचं देवीवर सोपवते. पोर गल्लीच्या वळणाला दिसेनाशी झाली की दारातच कानबाईला नमस्कार करते, आणि मग थोडा वेळ उंबऱ्यावर नुसती बसून राहते.