सोडलेला हात

मुलीने माझा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि सोडून दिला. तो धपकन पडायला हवा होता. पण घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्यासारखा तो हवेतच राहिला.

"बाबा, तुम्ही परत मदत करताय!"

"सोडलाय गं, पूर्ण सोडलाय."

ती फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशंटने अंग ढिलं सोडायचं आणि हिने त्याचा सांधा हलवून पाहायचा, एवढंच. याच प्रॅक्टिकलमध्ये ती एकदा नापास झाली आहे आणि उद्या ते पुन्हा आहे. सरावाला घरात मी एकटाच.

मला माझीच चीड आली. हमालाने बॅग उचलली तरी मी तिचा एक बंद धरून चालतो. रिक्षावाल्याने ब्रेक मारला की मागच्या सीटवर माझाही पाय दाबला जातो. आपला भार कुणी उचलला तर आपण नुसतं पडून राहायचं असतं, हे आम्हा संसारी माणसांच्या अंगवळणी पडलेलंच नाही. आणि त्याचा त्रास या पोरीला.

"डोळे मिटा. हात जड होऊ द्या."

मी दात-ओठ खाऊन जड झालो.

"बाबा," ती रडकुंडीला आली, "आता तुम्ही तो खाली दाबताय!"