ओटी भरणारं हॉटेल

राजूरच्या गणपतीहून परतताना जाऊबाईंनी मुद्दाम त्या हॉटेलाचं नाव काढलं. "सस्तं हाय म्हणं. समदं त्यांच्याच वावरातलं, तोडायचं अन् चुलीवर टाकायचं. तुझ्या भावानंच काढलंय न्हवं? चल, या निमित्तानं तरी माहेरी जेवशील."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं, पण चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. आणि खरं म्हणजे मला बघायचंच होतं, आपल्याला माहेर उरलंय की नाही.

आई गेली तेव्हा भावाने वावराच्या कागदावर माझी सही घेतली. "अक्का, वावर माझ्या नावावर झालं तरी माहेर तुझंच. दिवाळीला न्यायला येतो," म्हणाला होता. मी चौथी शिकले, पण सही बरी करते. केली. एकाही दिवाळीला तो आला नाही.

फाटकावर पाटी होती, 'माहेरचं जेवण'. जाऊबाईंनी ती मोठ्याने वाचली आणि हसल्या.

आत बाजा टाकल्या होत्या. जिथे आमचा गोठा होता तिथे हात धुवायच्या तोट्या. भाऊ सगळ्यांत वाकून वाकून वाढत होता. नवऱ्याला म्हणाला, "दाजी, बसा, गरम भाकर आणतो." मला म्हणाला, "अक्का, भरीत वाढू?" त्याच आवाजात त्याने शेजारच्या बाजेवरच्या बाईलाही विचारलं, "ताई, भरीत वाढू?"

भरीत चांगलं होतं. त्याचाही मला राग आला. आमटी वाढताना तो पलीकडच्या पाहुण्यांना सांगत होता, "हे येसर आमच्या आईच्या हातचं." आई जाऊन किती काळ लोटला! आमटीला लावलेलं ते भाजल्या डाळी-मसाल्याचं पीठ बाजारचं होतं, धने करपलेले. मी वाटी सरकवून ठेवली.

"जेव की पोटभर," जाऊबाई म्हणाल्या. "भावाला वाईट वाटंल."

"त्याला न्हाई वाटत," मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं असेल.

जेवण झाल्यावर नवऱ्याने पैसे पुढे केले. भावाने घेतले. "ताटं तीन ना, दाजी?" एवढंच बोलला.

फाटकाशी भावजय नऊवारी नेसून उभी होती. आईच्या हयातीत तिने कधी लुगड्याला हात लावला नव्हता. जाणाऱ्या प्रत्येक बाईची ती ओटी भरत होती. सुपात गहू, हळकुंडं, सुपाऱ्या आणि बाजूला एकाच रंगाच्या खणांची चळत. शहरातून आलेल्या बायका पदर नसल्याने ओढण्या पसरत होत्या, फोटो काढत होत्या, गहू पिशवीत ओतून निघून जात होत्या.

माझी पाळी आली. "वन्सं, पदर धरा," ती म्हणाली.

"ही ओटी गिऱ्हाइकाची का नणंदेची?"

"काय म्हन्लात?"

मला पुन्हा बोलवेना. जाऊबाईंनी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ती इचारून राह्यली, गिऱ्हाइकाची का नणंदेची!"

भावजय आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "आता ओटीत काय फरक, वन्सं? समद्या बायकांची सारखीच." भाऊ पाच पावलांवर होता. त्याने ऐकलं आणि नवीन आलेल्या गाडीकडे वळला.

तिने ओंजळीने गहू घातले, खण ठेवला, कुंकू लावलं. मी पदर आवळला, तशी तिने सूप माझ्यापुढे धरलं. माहेरची ओटी भरली की लेकीने त्यातले चार दाणे परत टाकायचे असतात, भावाच्या घरात बरकत राहावी म्हणून. आधीच्या एकाही बाईपुढे तिने सूप धरलं नव्हतं.

"वन्सं, दाणे," ती हळूच म्हणाली.

मी पदराला गाठ मारली, कमरेला खोचली आणि गाडीकडे चालू लागले. ती सूप धरून तशीच उभी राहिली असेल. मी वळून पाहिलं नाही.

गाडीत जाऊबाईंनी माझ्या खोचलेल्या गाठीकडे बोट केलं. म्हणाल्या, "दाणे न्हाई टाकले गं?"

"गिऱ्हाईक कुठं टाकतं?" मी म्हणाले. या वेळी दोघांनाही ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी ते गहू मी दळणात टाकले. खण बोहारणीला दिला.