थंड इंजिनावर लावलेले टॅपेट

गाडी बिघडली ती माझ्या हातानं, मेकॅनिकच्या नव्हे. एवढं एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली.

मी तमिळनाडूत, कुंभकोणमच्या एका कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर आपल्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीला जरा जोर यावा असं मनात आलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला एका मेकॅनिकचं वर्कशॉप होतं. त्यानं कॅमशाफ्ट नव्यानं घासून बसवला, म्हणजे व्हॉल्व्ह थोडे अधिक उघडतील आणि थोडा वेळ अधिक उघडे राहतील. पुढचं ट्यूनिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांच्यातली बारीक गॅप लावण्यापासून सगळं, मात्र मी स्वतः करणार होतो. पुस्तकं वाचून झाली होती.

"सार, टॅपेट मी अंदाजे लावलेत," तो तमिळमध्ये म्हणाला. "इंजिन चांगलं तापवा, मगच गॅप पक्की करा. थंड असताना नको."

"उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, हे तू मला सांगतोस?"

"तुम्हीच शिकवलंत, सार. मी त्यातच नापास झालो होतो."

रविवारी हत्यारं काढून बसेपर्यंत साडेचार वाजले आणि राहुकाळ लागला. बायको दारातून म्हणाली, "अहो, ते नव्यानं जोडलेलं इंजिन आत्ता सुरू करू नका. सहा वाजू द्या." माझा राहुकाळावर विश्वास नाही. मी त्यात फक्त काही सुरू करत नाही, इतकंच. पण दीड तास नुसतं बसायचं कसं? टॅपेट लावणं म्हणजे काही सुरू करणं नव्हे, असा शास्त्रशुद्ध विचार मी केला. पुस्तकात गरम इंजिनासाठी सांगितलेली गॅप फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजत आठही टॅपेट थंड इंजिनावरच लावून टाकले.

सहाला इंजिन सुरू केलं. ठिणगीचं टायमिंग जरा पुढे घेतलं, स्लो स्पीड थोडा वाढवला, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून पाहिला. उभ्या गाडीत इंजिन थरथरत होतं. असा कॅमशाफ्ट घातल्यावर थोडं थरथरतंच असं वाचलं होतं, त्यामुळे मी उलट खूश झालो.

तीन आठवड्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या भजनासाठी जवळच्या गोविंदपुरम्‌ला जाताना गाडीनं मान टाकली. मेकॅनिकनं इंजिनाचं हेड उघडलं. धूर बाहेर सोडणारा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता. इंजिन तापल्यावर गॅप उरतच नव्हती, व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता.

"टॅपेट गरम असतानाच लावलेत ना, सार?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या भजनानंतर मेहुण्यानं सगळ्यांसमोर छेडलं, "काय भावोजी, रेसची गाडी दोर बांधून ओढत नेली म्हणे?" लोक हसले. मला ते सोसलं नाही. "त्यानं कॅमशाफ्ट चुकीचा घासला," मी म्हणालो. प्रोफेसरचा शब्द कोण तपासणार? आमच्या मराठी घरांतल्या गाड्या एकेक करून त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. मग इतरांच्याही. दोन वर्षांत वर्कशॉपला कुलूप लागलं. आता तो जवळच्या साक्कोट्टैला दुसऱ्याच्या लेथवर काम करतो.

गेल्या महिन्यात तिथं जाऊन मी त्याला खरं सांगितलं. त्यानं लेथ बंद केलं नाही.

"हेड उघडलं तेव्हाच कळलं होतं, सार."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही प्रोफेसर, मी तुमचा नापास विद्यार्थी. कोणी ऐकलं असतं? आणि आता मला सांगून काय उपयोग? जिथं बोललात तिथं सांगा."

शनिवारी भजनात आरतीनंतर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, राहुकाळासकट. मग एका वयस्कर बाईंनी पदरानं डोळे पुसले. "केवढं मोठं मन! या वयात कोण कबूल करतं?" मेहुण्यानं खांद्यावर हात ठेवला. प्रसादाचा पहिला द्रोण माझ्या हातात आला. मेकॅनिक आता कुठे असतो, हे कोणी विचारलं नाही. मी आपणहून सांगायला लागलो, तोवर लोक चपला शोधत होते.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"सांगितलंत, सार?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

लोकांनी माझंच कौतुक केलं, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही. "ऐकून घेतलं," मी म्हणालो.

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.